क्रूझचे क्रेडिट मुदतीत वापरताना: पत्रावरची तारीख, खरी मुदत आणि पदरचे पैसे

गलबत (धागाकर्ता)

क्रूझचे क्रेडिट, म्हणजे रद्द झालेल्या सफरीच्या पैशांऐवजी पुढच्या सफरीसाठी मिळालेली रक्कम, वाया गेले असे कुणी सांगितले की मी आधी एकच गोष्ट विचारतो: क्रेडिटच्या पत्रावरच्या तारखेपर्यंत नेमके काय होणे अपेक्षित होते? तारीख बहुतेकांच्या लक्षात असते, अट मात्र नसते. काही कंपन्यांच्या क्रेडिटला त्या तारखेपर्यंत नवे बुकिंग झालेले पुरते आणि प्रत्यक्ष जहाज त्यानंतर कित्येक महिन्यांनी सुटले तरी चालते. काहींच्या क्रेडिटला त्या तारखेपूर्वी जहाजाने बंदर सोडलेले असावे लागते. ईमेलच्या दर्शनी भागात नुसती तारीख ठळक छापलेली असते आणि ती कशाची हे खाली जोडलेल्या अटींच्या पानावर सापडते. म्हणून क्रेडिट हाती येताच ते पान उघडावे, त्यातले संबंधित वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि पानाची प्रत स्वतःकडे जपून ठेवावी, कारण संकेतस्थळावरचा मजकूर पुढे बदलू शकतो.

समजा, जहाज ३१ डिसेंबरपूर्वी सुटले पाहिजे अशी अट आहे. मोठ्या कंपन्यांची पूर्ण रक्कम भरण्याची तारीख प्रवासाच्या लांबीनुसार आणि कंपनीनुसार बदलते, पण ती सर्वसाधारणपणे जहाज सुटण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी येते. ९० दिवस धरले तरी वर्षअखेरच्या सफरीसाठी ती तारीख ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला पडते. त्यानंतर बुकिंग होतच नाही असे नाही. मात्र सर्व रक्कम तत्काळ भरावी लागते, प्रवास रद्द केल्यास पहिल्या दिवसापासून शुल्क लागते, आणि क्रेडिट कर्मचाऱ्याकडून हाताने लावून घ्यावे लागत असेल तर ते होईपर्यंत हवी ती केबिन निघून जाते. त्यात नाताळ आणि नववर्षाच्या सफरी वर्षातल्या सर्वांत महाग सफरींपैकी असतात. म्हणजे डिसेंबरअखेर संपणारे क्रेडिट शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवणारा प्रवासी ते सर्वांत चढ्या भाड्यावर खर्च करत असतो. माझ्या मते अशा क्रेडिटची खरी मुदत ऑगस्टपर्यंतच संपते, आणि कॅलेंडरवर तीच तारीख लिहून ठेवावी.

दुसरा मुद्दा पैशांचा. क्रेडिट बहुतेक ठिकाणी मूळ भाड्यावरच लागते. सरकारी कर, बंदरशुल्क, कर्मचाऱ्यांची दैनिक बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि पेयांचे पॅकेज ही रक्कम अनेक कंपन्यांत वेगळी आणि रोख भरावी लागते. काही कंपन्या अनामत रक्कमही क्रेडिटमधून घेतात, काही ती नव्याने भरायला लावतात. त्यामुळे ‘हजार डॉलरचे क्रेडिट आहे, म्हणजे हजार डॉलरची सफर फुकट’ हा हिशेब जवळजवळ कधीच जुळत नाही. बुकिंगच्या बिलाचा मसुदा मागवावा, त्यात भाडे, कर आणि शुल्क यांच्या ओळी वेगळ्या दाखवायला सांगाव्यात आणि क्रेडिट लावल्यावर शिल्लक उरलेला आकडा पाहावा. त्या आकड्यात बंदरापर्यंतचा प्रवास, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि विमा मिळवला की क्रेडिट वाचवण्यासाठी खिशातून किती जाणार ते कळते. एरवी न केलेल्या सफरीवर क्रेडिटच्या दुप्पट रक्कम घालणे म्हणजे ते वाचवणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी अशी क्रेडिट वापरली आहेत किंवा वापरण्याच्या बेतात आहेत, त्यांनी आपापल्या अडचणी आणि उपाय इथे सविस्तर लिहावेत.

वल्हे

विषय वेळेवर निघाला. आमचे क्रेडिट एजन्सीमार्फत केलेल्या बुकिंगचे आहे. प्रवास आम्हीच रद्द केला होता आणि परत न मिळणाऱ्या अनामत रकमेतून शुल्क वजा करून उरलेले पैसे क्रेडिट म्हणून देण्यात आले. आता कंपनीला फोन केला की ‘तुमच्या एजंटशी बोला’ असे उत्तर मिळते, आणि एजंट म्हणतो की कंपनीच्या प्रणालीत त्याला क्रेडिट दिसत नाही. मुदतीचे महिने मात्र चालले आहेत. दोघांच्या नावावर वेगवेगळी क्रेडिट आहेत. ती एकत्र करून एकाच्या भाड्यावर लावता येतात का, हेही कुणी सांगावे.

दीपस्तंभ

वल्हे, तुमच्या दोन्ही प्रश्नांना स्वतंत्र उत्तरे आहेत.

पहिले, एजन्सीचे. बुकिंग एजन्सीच्या नावाखाली असेल तर कंपनी त्यावर थेट ग्राहकाशी व्यवहार करत नाही, ही या व्यवसायाची सर्वत्र रूढ पद्धत आहे. पण क्रेडिट कोणी दिले हे आधी ठरवावे लागते. कंपनीने दिले असेल तर त्याला कंपनीचा क्रमांक असतो आणि ते रद्द झालेल्या बुकिंगच्या क्रमांकाशी व प्रवाशाच्या नावाशी जोडलेले असते. काही एजन्सी मात्र स्वतःच्याच खात्यात रक्कम जमा ठेवून तिलाच क्रेडिट म्हणतात. तसे असेल तर कंपनीच्या प्रणालीत शोधून काही सापडणार नाही आणि मुदतीच्या अटीही एजन्सीच्याच असतील. तेव्हा फोनवर बोलणे थांबवून एजन्सीला ईमेल लिहा. त्यात रद्द झालेल्या बुकिंगचा क्रमांक, रद्द केल्याची तारीख, भरलेली आणि वजा झालेली रक्कम एवढे लिहून तीन गोष्टी विचारा: क्रेडिट कोणी दिले, त्याचा क्रमांक काय, आणि त्यावरची तारीख बुकिंगची आहे की जहाज सुटण्याची. कंपनीचे क्रेडिट असूनही ते दिसत नसेल, तर एजंटने कंपनीच्या एजंट-साहाय्य विभागाला जुन्या बुकिंग क्रमांकावरून ते शोधायला सांगावे. नावाच्या स्पेलिंगमधला किंवा जन्मतारखेतला फरक हे क्रेडिट न सापडण्याचे नेहमीचे कारण आहे. नवे बुकिंग करताना पासपोर्टवरचे पूर्ण नाव घातलेले असते, जुन्या बुकिंगमध्ये मधले नाव गाळलेले असते, आणि प्रणाली त्या दोघांना वेगळे प्रवासी समजते.

दुसरे, एकत्र करण्याचे. क्रेडिट माणशी दिले जाते आणि बहुतेक कंपन्यांत ते त्याच माणसाच्या भाड्यावर लागते. एका केबिनमधल्या पहिल्या दोन प्रवाशांचे भाडे सारखे असल्यामुळे तुम्हा दोघांना अडचण येऊ नये. अडचण मुलांच्या क्रेडिटला येते. तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे भाडे पुष्कळदा बरेच कमी असते, कधी एखाद्या योजनेत ते शून्यावरही येते, आणि मग मुलाच्या नावावरचे क्रेडिट लावायला भाडेच उरत नाही. अशा वेळी मुलाला आई किंवा वडिलांबरोबर केबिनमधला दुसरा प्रवासी म्हणून दाखवून शेजारशेजारच्या दोन केबिन घेतल्याने चौघांचीही क्रेडिट खपू शकतात. फक्त दोन केबिनचे एकूण बिल एका केबिनपेक्षा कितीने वाढते ते आधी ताडून पाहावे लागते. नाव बदलून क्रेडिट दुसऱ्याला देण्याची मुभा काही कंपन्या देतात, काही एकदाच देतात, काही अजिबात देत नाहीत. हे लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

भरतीओहोटी

मुदत जवळ आली असेल आणि तारखांची सवड असेल तर रिपोझिशनिंगच्या, म्हणजे हंगाम बदलताना जहाज एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेतानाच्या, सफरी जरूर पाहाव्यात. कॅरिबियनमध्ये हिवाळा काढलेली जहाजे साधारण एप्रिल-मेमध्ये युरोपकडे आणि अलास्काकडे निघतात आणि शरद ऋतूत परत फिरतात. या सफरी लांब असतात, बरेच दिवस नुसत्या समुद्रात जातात, शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकात त्या बसत नाहीत आणि म्हणून दर रात्रीचे भाडे पुष्कळ कमी असते. क्रेडिट भाड्यावरच लागत असल्याने कमी भाड्याच्या लांब सफरीत ते जवळजवळ सगळे भाडे भागवू शकते. मात्र दोन गोष्टी पाहायला हव्यात. जहाज एका खंडात चढवते आणि दुसऱ्या खंडात उतरवते, त्यामुळे एकतर्फी विमानाचे तिकीट हिशेबात धरावेच लागते. आणि दैनिक बक्षिसी रात्रींच्या संख्येप्रमाणे वाढत जाते, जी क्रेडिटमधून जाईलच असे नाही.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी वेगळा विचार आहे. दोघांच्या केबिनमध्ये एकटे राहिल्यास दुसऱ्या माणसाचे भाडेही अधिभार म्हणून भरावे लागते, आणि तो अधिभार कित्येकदा पूर्ण १०० टक्के असतो. तुमचे क्रेडिट त्या अधिभारावर लागते की फक्त तुमच्या भाड्यावर, हे बुकिंगपूर्वी विचारा. लागत असेल तर तुमची मोठी रक्कम एकाच सफरीत वापरून होते.

नांगर

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. क्रेडिट कसे खर्च करावे याची चर्चा आवश्यक आहेच, पण ते स्वीकारण्यापूर्वीची पायरी आपण ओलांडून पुढे जातो आहोत. प्रवास तुम्ही रद्द केला असेल तर तुम्ही करारातल्या अटींनी बांधलेले असता. प्रवास कंपनीने रद्द केला असेल तर गोष्ट निराळी आहे, आणि त्या वेळी रोख परतावा मागण्याचा हक्क अनेक ठिकाणी कायद्याने दिलेला आहे.

२०२० मध्ये काय झाले ते आठवावे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १४ मार्च २०२० रोजी जहाजांना प्रवासबंदीचा आदेश दिला, ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्याची जागा सशर्त परवानगीच्या आदेशाने घेतली, आणि अमेरिकेच्या बंदरातून मोठे जहाज प्रवासी घेऊन पुन्हा सुटायला २६ जून २०२१ हा दिवस उजाडावा लागला. ते जहाज होते फोर्ट लॉडरडेलहून निघालेले ‘सेलिब्रिटी एज’. या सगळ्या काळात अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी १२५ टक्क्यांचे क्रेडिट देऊ केले. ज्यांना प्रवास करायचाच होता त्यांच्यासाठी तो जादाचा चौथा हिस्सा खरा फायदा होता, आणि जहाजेच बंद असल्याने कंपन्यांनी त्या क्रेडिटच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्याही. त्या अनुभवामुळे ‘मागितली की मुदतवाढ मिळते’ अशी समजूत अजून टिकून आहे. ती परिस्थिती आता नाही. जहाजे नियमित चालू असताना मुदत वाढवून देण्यात कंपनीचा स्वार्थ नसतो. आजारपण किंवा कुटुंबातला मृत्यू यांसारखे कागदोपत्री दाखवता येणारे कारण असेल तर विनंती अवश्य करावी, पण ती मुदत शिल्लक असताना करावी.

त्याच काळाने दुसरीही गोष्ट दाखवली. क्रेडिट म्हणजे आपण कंपनीला दिलेले बिनतारण कर्ज असते. जुलै २०२० मध्ये ब्रिटनची क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. जानेवारी २०२२ मध्ये जेंटिंग हाँगकाँग या मूळ कंपनीच्या विसर्जनाच्या अर्जापाठोपाठ क्रिस्टल क्रूझेसचे काम थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन क्वीन व्हॉयेजेस बंद झाली. अशा वेळी क्रेडिटधारकाला दावेदारांच्या रांगेत उभे राहावे लागते, तर कार्डाने रोख पैसे भरलेल्या प्रवाशाला निदान बँकेकडे व्यवहारावर हरकत घेण्याची वाट मोकळी असते.

कायद्याची बाजू अशी आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाप्रमाणे आयोजकाने प्रवास रद्द केल्यास १४ दिवसांत पैसे परत द्यावे लागतात, आणि ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांतही हीच मुदत आहे. १३ मे २०२० रोजी युरोपीय आयोगाने व्हाउचरविषयी, म्हणजे पैशांऐवजी दिलेल्या अशा क्रेडिटविषयी, शिफारस केली, तिच्यात व्हाउचर स्वीकारणे प्रवाशाच्या मर्जीवर ठेवले होते, किमान १२ महिन्यांची वैधता सुचवली होती आणि न वापरल्यास पैसे परत मिळावेत असे म्हटले होते. ती शिफारस होती, सक्ती नव्हे. अमेरिकेत फेडरल मेरिटाइम कमिशन या सागरी वाहतुकीच्या नियामक संस्थेचा नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिथल्या बंदरातून सुटणारी सफर रद्द झाली किंवा ३ अथवा अधिक दिवस लांबली आणि प्रवाशाने पर्यायी प्रवास स्वीकारला नाही, तर त्याला परतावा मागता येतो. या सर्व व्यवस्थांत एक समान धागा आहे: पर्याय म्हणून क्रेडिट एकदा मान्य केले की रोख परताव्याचा दावा बहुधा तिथेच संपतो. म्हणून कंपनीने प्रवास रद्द केल्याचा ईमेल आला की ‘स्वीकारा’ या बटणावर लगेच बोट ठेवू नये. काही कंपन्या ठरावीक दिवसांत उत्तर न दिल्यास आपोआप क्रेडिट देतात, त्यामुळे गप्प बसणेही धोक्याचे आहे. आपला निर्णय मुदतीत आणि लेखी कळवावा.

खलाशी

जहाजावर खर्चायच्या क्रेडिटबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. हे क्रेडिट त्या एका सफरीपुरतेच असते. त्यात परत मिळणारे आणि न मिळणारे असे दोन प्रकार असतात. परत मिळणाऱ्यातली शिल्लक सफर संपल्यावर कार्डावर जमा होते किंवा रोख मिळते, दुसऱ्यातली शिल्लक शेवटच्या रात्री खाते बंद होताच बुडते. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर खाते रोज दिसते. तिथे वजा चिन्हाने दाखवलेली शिल्लक मधल्या दिवसांतच पाहिली तर किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट किंवा कपडे धुण्याची सेवा यांवर ती विनासायास खर्च होते. अखेरच्या संध्याकाळी पाहिली तर दुकानातली नको ती वस्तू घेण्याखेरीज काही उरत नाही. दैनिक बक्षिसी आधीच भरण्याऐवजी जहाजावर भरायची ठेवली, तर अनेक कंपन्यांत ती या क्रेडिटमधून वळती होते, आणि मला तो सर्वांत समंजस उपयोग वाटतो.

गलबत (धागाकर्ता)

नांगर यांनी स्वीकारण्याच्या टप्प्याकडे लक्ष वेधले ते फार बरे झाले. धाग्याच्या विषयात तेही यायलाच हवे होते.

उरलेल्या शिलकेविषयी लिहायचे राहिले आहे. क्रेडिट भाड्यापेक्षा जास्त असेल तर काही कंपन्या उरलेल्या रकमेचे नवे क्रेडिट देतात, आणि त्याला जुनीच मुदत असते. काही कंपन्यांत उरलेली रक्कम सरळ जाते. दुसरा प्रकार असेल तर स्वस्त केबिन घेऊन शिल्लक सोडण्यापेक्षा तीच सफर बाल्कनीच्या केबिनमध्ये करणे किंवा दोन रात्री लांब सफर घेणे योग्य, कारण जादा सोयीसाठी वेगळे पैसे जात नाहीत. पहिला प्रकार असेल आणि मुदत पुरेशी असेल तर दोन छोट्या सफरींत विभागणी करता येते. मात्र दुसऱ्या सफरीचे कर आणि बंदरशुल्क पुन्हा भरावे लागते, आणि अगदी छोट्या सफरीत या रकमेचा वाटा भाड्याच्या तुलनेत मोठा असतो, हे विसरू नये.

आणखी एक. क्रेडिट वापरून केलेले बुकिंग पुन्हा रद्द केले तर क्रेडिट परत येते ते मूळ मुदतीसह. मुदत त्या दरम्यान संपून गेली असेल तर परत येण्यासारखे काही राहत नाही. म्हणून ‘मुदत संपण्यापूर्वी काहीतरी बुक करून ठेवू, जायचे की नाही ते नंतर पाहू’ हा मार्ग ज्यांच्या क्रेडिटला केवळ बुकिंगची तारीख आहे त्यांनाच थोडाफार उपयोगी पडतो, आणि त्यांनीही तारीख बदलण्याची मुभा किती आणि त्याचे शुल्क किती हे पाहूनच तो धरावा.

वल्हे

दीपस्तंभ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे एजन्सीला ईमेल लिहिला आणि उत्तर आले. क्रेडिट कंपनीचेच आहे. माझे क्रेडिट जुन्या बुकिंगमध्ये मधले नाव नसल्यामुळे सापडत नव्हते. तारीख जहाज सुटण्याची आहे, बुकिंगची नव्हे, आणि आम्ही इतके दिवस उलट समजून चाललो होतो. वसंत ऋतूतली एक सफर निश्चित करतो आहोत. बिलाच्या मसुद्यात दोघांच्या भाड्यासमोर क्रेडिट वजा झालेले दिसते, कर आणि बंदरशुल्काची ओळ तशीच आहे. आता विम्याचे विचारतो: विम्यासाठी प्रवासाची किंमत सांगताना क्रेडिटची रक्कम धरायची की फक्त आम्ही नव्याने भरणार ती?

दीपस्तंभ

विमा कंपनीला लेखी विचारूनच ती रक्कम भरा, कारण पॉलिसींच्या अटी यात एकसारख्या नाहीत. अनेक पॉलिसी रोख भरलेल्या आणि परत न मिळणाऱ्या रकमेचीच भरपाई देतात. क्रेडिटने भागवलेल्या भाड्याला त्या नुकसान मानत नाहीत, किंवा क्रूझ कंपनीने ते क्रेडिट पुन्हा दिले तर मानत नाहीत. काही पॉलिसी क्रेडिट कायमचे बुडाल्यास त्याची किंमत धरतात. प्रश्न असा विचारा की ‘आजारपणामुळे प्रवास रद्द झाला आणि त्या दिवशी क्रेडिटची मुदत संपलेली असली तर मला किती मिळेल?’ वैद्यकीय खर्च आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च यांचे संरक्षण मात्र क्रेडिटच्या रकमेवर अवलंबून नसते, तेव्हा ते कमी करू नका. आणि पूर्ण रक्कम भरण्याची तारीख येण्यापूर्वी अंतिम बिल एकदा पुन्हा मागवा. मसुद्यात दिसणारे क्रेडिट अंतिम बिलात उतरले नसेल तर त्या तारखेपर्यंत ते दुरुस्त करून घेता येते, त्यानंतर बुकिंग आपोआप रद्द होण्याचा धोका असतो.